रशियन ज्यू घरातलं रोजचं जगणं असलेल्या गोष्टी सुचवा ना (छावण्या नकोत)

गंगेवरची:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमचा गंगापूर रोडला आठ-नऊ जणींचा वाचनकट्टा आहे, महिन्यातला एक रविवार, एकीने पुस्तक सांगायचं आणि बाकीच्यांनी खायचं (खोटं कशाला बोलू, असंच आहे). पुढच्या महिन्यात माझी पाळी. झालं असं की दिवाळीच्या आधी माळा आवरताना बाबांची पत्र्याची ट्रंक निघाली. बाबा ओझरला एचएएलमध्ये होते, मिग विमानं बनायची तिथे, रशियन तज्ज्ञ यायचे-जायचे, आणि रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की बाबा दहा-वीस रुपये तिथे घालवून यायचे आणि मग आई दोन दिवस त्यांच्याशी बोलायची नाही. तर ट्रंकेत ती सगळी पुस्तकं. जाड कागद, तो एक वास, ज्यांनी हाताळलीत त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते.

आठवडाभर तीच वाचत बसले. शेतकरी आहेत, कामगार आहेत, अस्वलं तर ढिगाने आहेत, पण ज्यू माणूस एकही नाही. आणि दुसरीकडे ज्यूंवरचं आजवर जे वाचलं ते सगळं हिटलर आणि गॅस चेंबर. मग डोक्यात आलं की रशियात लाखोंनी ज्यू होते ना, ते क्रांतीनंतर सत्तर वर्षं करत काय होते? म्हणजे सकाळी उठून लाईन लावत असतील, पोराच्या मास्तरांना भेटायला जात असतील, सासूसुनेचं वाजत असेल. ते कुठे लिहिलंय का कोणी? गोष्ट, कादंबरी, काहीही. इंग्रजी अनुवाद चालेल. फार जाड नको, कट्ट्यातल्या दोघी दोनशे पानांच्या पुढे जातच नाहीत.

आणि एक बाळबोध प्रश्न, हसू नका. कम्युनिस्ट राज्यात देवधर्मच नव्हता म्हणतात, मग अमका ज्यू आहे हे कळायचं कसं?

ओझरकर:

ताई, आधी ती ट्रंक परत उघडा. पेरेलमनचं पुस्तक आहे का बघा, गमतीगमतीत फिजिक्स शिकवणारं, इंग्रजी नाहीतर हिंदी आवृत्ती असेल. आमच्या वेळी डिप्लोमाच्या निम्म्या पोरांकडे असायचं, एकाने घ्यायचं आणि दहा जणांनी फाडायचं. तो याकोव्ह पेरेलमन ज्यू. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने गेला. लहान मुलांच्या कविता असतील तर मार्शाक हे नाव शोधा, तोही ज्यू. लेव्ह क्वित्को म्हणून एक होता, यिडिशमध्ये (तिकडच्या ज्यूंची घरची भाषा) बालकविता लिहायचा, रशियनमध्ये त्याच्या लाखांनी प्रती खपल्या, पोरं तोंडपाठ म्हणायची, आणि १२ ऑगस्ट १९५२ ला त्याला गोळी घातली, त्याच्याबरोबर अजून बारा जण. म्हणजे ज्यू एकही नाही असं नाही हो, ते पुस्तकाच्या आत नाहीत, कव्हरवर आहेत.

बाळबोध प्रश्न बाळबोध नाहीये. १९३२ ला त्यांनी देशातल्या देशात वापरायचा पासपोर्ट काढला, त्यात राष्ट्रीयत्वाचा रकाना. कोणी रशियन, कोणी युक्रेनी, कोणी जॉर्जियन, तसं ‘ज्यू’. देवाला मानतो का नाही हा प्रश्नच नाही, आईबाप दोघं ज्यू तर सोळाव्या वर्षी पासपोर्ट मिळाला की तुम्ही ज्यू, संपलं. दोघांपैकी एकच असेल तर कुठलं लावायचं ते पोराने ठरवायचं. नोकरीच्या फॉर्मवर हा रकाना पाचवा असायचा म्हणून लोक नुसतं ‘पाचवा रकाना’ म्हणायचे, पुढचं समोरच्याला समजायचं.

आणि दुसरं म्हणजे मधलं नाव. रशियनांचंही आपल्यासारखंच, मधे बापाचं नाव. पोराचं नाव हौसेनं बोरिस ठेवा नाहीतर इगोर ठेवा, पण बाप अब्राम असला की पोरगा बोरिस अब्रामोविच, मास्तरांनी वर्गात पूर्ण नाव घेतलं की सगळ्या माना मागे वळल्या. म्हणून कित्येक जण बापाचंच नाव बदलून सांगायचे, मोइसेईचा मिखाईल करायचे. मला हे कळलं तेव्हा माझं स्वतःचं मधलं नाव आठवलं, आमच्यात आडनावावरून कळतं तेवढं पुरतं, मधल्या नावाला कोणी त्रास देत नाही.

हा फॉर्मचा प्रकार वासिली ग्रॉसमनच्या ‘लाइफ अँड फेट’मध्ये जबरदस्त आलाय. श्त्रुम नावाचा मोठा फिजिसिस्ट एक प्रश्नावली भरत बसतो, एकेक रकाना, आणि प्रत्येक रकान्याला माणसाचा घाम निघतो. पण ते कट्ट्याला देऊ नका, आठशेच्या वर पानं आहेत आणि तुमच्या छावण्या पण आहेत त्यात. १९६१ ला केजीबीवाले, म्हणजे त्यांचे गुप्त पोलीस, येऊन हस्तलिखित तर घेऊन गेलेच, टाइपरायटरच्या रिबिनीसुद्धा नेल्या. लेखक १९६४ ला गेला, पुस्तक १९८० ला स्वित्झर्लंडमध्ये छापलं.

वाडा_पडला:

दोनशे पानांची अट थोडी सैल करा आणि मोइशे कुलबाकचं ‘झेल्मेन्यानर’ घ्या. दुसरं काही बघूच नका. हसून हसून वाट लागते आणि शेवटी गप्प बसायला होतं.

मी ते का वाचलं ते सांगतो. आमचा वाडा जुन्या नाशकात, दहीपुलाच्या अलीकडे, मालक धरून चौदा बिऱ्हाडं, चौकात एक नळ, मागे दोन संडास, जिन्याची तिसरी पायरी मोडकी आणि ती मोडकी आहे हे फक्त आम्हालाच माहीत, पाहुणा आला की धप्पकन आवाज यायचा आणि आतून आजी ओरडायची, “कोण आलंय गं?” २०१९ च्या पावसाळ्यानंतर एक भिंत गेली, मग केस, मग बिल्डर, आता तिथे पत्रे ठोकलेत. तर मी पुण्यात एका मित्राकडे पडून होतो तेव्हा त्याच्या कपाटात हे दिसलं, मागे लिहिलेलं की मिन्स्कमधल्या एका वाड्याची गोष्ट. वाडा म्हटल्यावर उचललं. (वाडा हा शब्द माझा, ते त्याला अंगण का चौक असं काहीतरी म्हणतात, पण वाडाच आहे तो.)

रेब झेल्मेले नावाचा म्हातारा कुठूनतरी येतो, घर बांधतो, पोरं होतात, पोरांना पोरं, प्रत्येक जण त्याच आवारात एकेक खोली वाढवत जातो. चार काका. एक शिंपी, एक घड्याळजी, एक सुतार, एक कातडं कमावणारा. सगळ्या खानदानाला एक स्वतःचा वास आहे, कुबट वाळक्या गवताचा आणि त्यात अजून काहीतरी. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून पाच मिनिटं बसलो, कारण आमच्या वाड्याला पण वास होता, रॉकेल, ओली भिंत आणि शेजारच्यांची हिंगाची फोडणी, आणि शाळेत पोरं मला सांगायची तुझ्या दप्तराला वास येतो म्हणून.

मग क्रांती येते, पण कशी, तर मोर्चा-बिर्चा घेऊन नाही. वीज घेऊन येते. घरातलाच एक नातू वायरी ओढतो आणि म्हाताऱ्यांची झोप उडते. आजवर अंधार पडला की माणूस गप बसायचा, आता काय करायचं? मग रेडिओ येतो. मग पोरी कोणाशीही लग्न करायला लागतात. एक नातू पोलिसात, एक नातू आजीआजोबांचे जुने शब्द वहीत गोळा करत फिरतो आणि सगळे त्याला वेडा म्हणतात. काका लोक कम्युनिझमला विरोध करत नाहीत हां, त्यांना ते कळतच नाही, ते फक्त कुरकुरतात, दिव्याच्या बटनापासून ते पोराच्या नावापर्यंत. आमच्याकडे गॅस आला तेव्हा आजी सहा महिने म्हणत होती गॅसवरच्या भाकरीने पोट दुखतं. सहा महिन्यांनी तिनेच स्टोव्ह भंगारात दिला.

आणि शेवटी तो वाडा पाडतात. कशासाठी, तर गोळ्या-चॉकलेटची फॅक्टरी काढायला. अजून काही सांगत नाही.

लेखकाचं सांगतो फक्त. पुस्तकाचा पहिला भाग १९३१ ला, दुसरा १९३५ ला आला. २९ ऑक्टोबर १९३७ ला त्याला गोळी घातली. एकेचाळीस वर्षांचा होता. हिलेल हाल्किनने केलेला इंग्रजी अनुवाद आहे, मस्त आहे.

सातपूरचा_कामगार:

धागा चांगला आहे पण एक सांगू का, वरच्या सगळ्या प्रतिसादात गोळी घातली, गोळी घातली एवढंच चाललंय. मी युनियनमध्ये तीस वर्षं काढली त्यामुळे मला टोचणारच, माझं तेवढं माफ करा. झारच्या काळात ज्यूंना ठरावीक पट्ट्यातच राहायला लागायचं, मॉस्कोत राहायचं तर परवानगी, कॉलेजात कोटा, वर दंगली. ते राहण्याचं बंधन १९१७ ला गेलं. वीस-तीसच्या दशकात यिडिशमधून सरकारी शाळा होत्या, पेपर होते, सरकारी पैशावर नाटक कंपन्या होत्या. आणि हा कुलबाक ज्या मिन्स्कमध्ये राहत होता त्या बेलारूसच्या चार राजभाषांत यिडिश एक होती! राज्याच्या बोधचिन्हावर ‘जगातील कामगारांनो एक व्हा’ यिडिशमध्ये लिहिलेलं होतं. सांगा बरं, दुसऱ्या कुठल्या देशाने ज्यूंच्या भाषेला हे दिलं होतं? गावाकडच्या चांभाराची पोरगी डॉक्टर झाली ती त्याच राज्यात.

वाडा_पडला:

काका, खरंय, आणि कुलबाक स्वतःच्या पायाने तिकडे गेला होता, १९२८ ला, विल्ना सोडून, विल्ना तेव्हा पोलंडमध्ये. तिथे मास्तरकी करत होता, पोरं जीव टाकायची त्याच्यावर. मग गेला कारण मिन्स्कमध्ये यिडिश लेखकाला पगार होता, वाचक होता. म्हणून तर पुस्तकात राग नाहीये कुठे. नव्या जगाची पण टर उडवतो आणि जुन्याची पण. पण ते बोधचिन्हावरचं यिडिश १९३८ मध्ये काढून टाकलं तेही लिहा ना. म्हणजे वाक्य पुसायच्या आधी वर्षभर लेखक पुसून झाला होता.

सातपूरचा_कामगार:

नाकारत नाही. लिहायला हवं होतं मी. पण चांभाराच्या पोरीचं पण लिहा म्हणजे झालं.

गंगेवरची:

अरे बापरे, मी भाजी निवडून येईपर्यंत एवढं! सगळ्यांना धन्यवाद. ट्रंकेत पेरेलमन सापडला, पहिलं पान नाहीये आणि मधे बाबांनी पेन्सिलीने गणितं केलीयेत.

पाचव्या रकान्याचं वाचून मला आपला शाळा सोडल्याचा दाखलाच आठवला. त्यावर पण जात असतेच की. दहावीनंतर मैत्रिणींचे दाखले एकत्र गोळा करायला मला पाठवलं होतं आणि मी रिक्षात बसून सगळ्यांचे रकाने वाचले होते, आजही लाज वाटते. तर हे तेच ना?

शनवारतेली:

तेच नाही हो ताई, थोडं समजून घ्या. मी स्वतः बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे, आजोबा-पणजोबांना गावात शनवार तेली म्हणायचे कारण शनिवारी घाणा बंद. नोकरीनिमित्त बारा वर्षं नाशिकरोडला काढली, आता ठाण्यात. आपल्या दाखल्यावरच्या रकान्याने कोणाचं नुकसान झालं तसं कोणाला त्याच्याच आधारावर हक्काची जागाही मिळाली, पोरगा घरातला पहिला पदवीधर झाला. त्या पाचव्या रकान्याचा नंतर नंतर ज्यूंना एकच उपयोग, दार बंद व्हायला. मॉस्को विद्यापीठात गणिताला जायचं असेल तर सत्तरच्या दशकात तोंडी परीक्षेत ज्यू पोरांना मुद्दाम निवडलेली गणितं द्यायचे. उत्तर दोन ओळींचं, पण ते सुचायला आठवडा लागेल असं. म्हणजे तक्रार केली तर सांगायचं, बघा की, सोपं तर होतं. पोरं त्या गणितांना शवपेट्या म्हणायची.

बाकी तुम्हाला रोजचं जगणं हवंय ना, मग माझ्या मावशीचं ऐका. ती साठच्या दशकात इस्रायलला गेली, अश्दोदला राहते. नव्वद सालानंतर तिथे रशियातून ज्यू लोंढ्याने आले, तिच्या मजल्यावर बेलारूसमधल्या गोमेलची एक म्हातारी आली. दोघींचं हिब्रू सारखंच मोडकं त्यामुळे दोघींचं छान जमलं. मावशी तिला वालाचं बिरडं द्यायची, ती खारवलेला मासा द्यायची, मावशी म्हणायची बोंबलाच्या तोडीचा नाही पण ठीके.

आमच्या घरात मलिदा असायचा, पोहे, खोबरं, गूळ, फळं, एलियाहू हन्नबीचं (आमचा एक प्रेषित) नाव घ्यायचं, आळीतली हिंदू-मुसलमान पोरं ताटल्या घेऊन हजर. लपवायचं काय त्यात? मावशीने हे त्या म्हातारीला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. त्यांच्याकडे वल्हांडणाच्या सणाला बिनखमिराची रोटी लागते, मात्झा, तिला आठ दिवस पर्याय नाही. दुकानात मिळण्याचा प्रश्न नाही, मॉस्कोत तर १९६२ ला सरकारी बेकरीने करायचंच बंद केलं. मग गोमेलला कोणाच्या तरी घरी रात्री भट्टी पेटायची, खिडकीला चादर, आणि ही पोर असताना उशीच्या अभ्र्यात रोट्या भरून घरी आणायची. वाटेत कोणी विचारलं तर कपडे धुवायला नेले होते म्हणून सांगायचं. आता मात्झा म्हणजे पापडासारखा कडक, चालताना अभ्र्यात कुरकुर वाजतो. कपडे कुठे वाजतात? ती म्हणायची सगळा रस्ता मी मोठमोठ्याने गाणं म्हणत यायची, शाळेत शिकवलेलं, लेनिनचं.

तिची आई दवाखान्यात डॉक्टर. १३ जानेवारी १९५३ ला पेपरात आलं की ज्यू डॉक्टरांनी मुद्दाम चुकीचे उपचार करून पुढाऱ्यांना मारायचा कट केला, दुसऱ्या दिवशी बाहेर बाकावर पेशंट नाहीत. एक बाई आली, औषध घेतलं, आणि म्हणाली आधी तुम्ही एक गोळी खाऊन दाखवा. आईने खाल्ली. ५ मार्चला स्टालिन गेला, ४ एप्रिलला सरकारनेच जाहीर केलं की केस खोटी होती. ती बाई परत आली, खोकल्यासाठी, जसं काही झालंच नाही. आईने तपासलं, औषध लिहून दिलं. म्हातारी म्हणायची आईने त्या दिवशी घरी येऊन एवढंच विचारलं, बटाटे कोणी आणलेत, सगळे नासके आहेत.

हे कुठल्या पुस्तकात नाही, पण तुम्ही कट्ट्यावर सांगा खुशाल.

पुस्तककिडा_नाशिकरोड:

नासके बटाटे 👌 इथेच गोष्ट संपली खरं तर.

तरी दोन नावं टाकून जातो. ज्या दोघी दोनशे पानांपुढे जात नाहीत त्यांच्यासाठी ग्रॉसमनचीच एक लहान कथा आहे, बेर्दिचेव्ह गावातली, १९३४ ची. लाल सैन्यातली कमिसार (पक्षाची राजकीय अधिकारी) बाई, गरोदर राहते, आणि बाळंतपणासाठी तिला एका गरीब ज्यू कुटुंबात ठेवतात. घरात पोरांचा लेंडार, जागा नाही, नवरा सुरुवातीला कुरकुरतो, आणि बायको तिला शिकवते की बाळ धरायचं कसं, दुपटं बांधायचं कसं. बंदूक चालवणारी बाई आणि तिला लंगोट बदलता येत नाही! अर्ध्या तासात वाचून होते. त्यावर १९६७ ला सिनेमा काढला तर तो वीस वर्षं डब्यात.

दुसरं उलित्स्काया या रशियन लेखिकेचं ‘सोनेच्का’, १९९२ चं. पुस्तकात नाक खुपसून बसलेली लायब्ररीतली मुलगी, युद्धाच्या गडबडीत लग्न, संसार, नवऱ्याची भानगड. यात ज्यूपण फार बोलून दाखवलेलं नाही, मुरलेल्या लोणच्यातल्या मिठासारखं आहे. छोटंसंच आहे. बाबेल हा लेखक मात्र अजिबात देऊ नका, ओदेसाचे ते गुंड एकदा डोक्यात शिरले की कट्टा दुसरं काही वाचणार नाही.

ओझरकर:

एक राहिलं. रोजचं जगणं म्हणताय तर सामायिक फ्लॅटचं सांगून ठेवा कट्ट्यावर, नाहीतर संदर्भ लागणार नाहीत. एका फ्लॅटमध्ये पाच-सहा कुटुंबं, एकेकाला एक खोली, स्वयंपाकघर एकच, त्यात प्रत्येकीचं टेबल आणि स्टोव्ह वेगळा. दारावरची बेल किती वेळा वाजली त्यावरून पाहुणा कोणाचा ते ठरायचं. संडासात दिवेसुद्धा आपापले, ज्याचं त्याने बटण दाबायचं, म्हणजे बिलावरून भांडण नको. अशा ठिकाणी आजी-आजोबा यिडिश बोलायचे ते फक्त दार लावून, आणि तेही नातवंडांना कळू नये असं काही असेल तेव्हाच. म्हणून नातवंडांना यिडिशमधल्या फक्त शिव्या, पैसे आणि आजारपणं येतात.

वाडा_पडला:

संडासाचे वेगळे दिवे वाचून डोळे पाणावले. आमच्याकडे एकच बल्ब होता आणि तो नेहमी कोणीतरी काढून न्यायचं. संशयित चौदा.

गंगेवरची:

ठरलं. झेल्मेन्यानर मी सांगणार, आणि त्या दोघींना बेर्दिचेव्हची गोष्ट घरी वाचून यायला लावणार. शनवारतेली, तुमच्या मावशीचं सांगितलं तर चालेल म्हणालात, मी तुमचं नाव-गाव काही घेणार नाही. दाखल्याचं पटलं, मी घाईत बोलले.

बाबांना काल रात्री पेरेलमन दाखवला. ८१ वर्षांचे आहेत, फार बोलत नाहीत आता. मी म्हटलं बाबा हा ज्यू होता, माहितीये? लेनिनग्राडला उपाशी मेला. ते बराच वेळ स्वतःची पेन्सिलीची गणितं बघत होते. मग म्हणाले, हे सतरावं चुकलंय, आणि पेन्सिल मागितली.

वाडा_पडला, तुमची प्रत मिळेल का दोन आठवडे? सावानात (आपलं सार्वजनिक वाचनालय) विचारलं, नाहीये त्यांच्याकडे.

वाडा_पडला:

प्रत मित्राची आहे, मी परत केलेली नाही, त्याला सांगू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पान ११० वर चहा सांडलाय तो माझा नाही, आधीपासून आहे.